क्रॉस स्टिचचं सामान ऑनलाइन मागवताना नंबर धरून चला

जळगावचं फुले मार्केट असो की धुळ्याचा आग्रा रोड, भरतकामाच्या सामानाच्या दुकानात काळा, पांढरा, लाल दोरा, हिरव्याच्या दोन-चार छटा आणि मॅटीचं, म्हणजे ठळक चौकोनी विणीचं, पांढरं कापड हमखास मिळतं. दाराचं तोरण, रुमाल, उशीचे अभ्रे एवढं करायचं तर ते पुरेसंही आहे. पण आता बायका मोबाइलवरून नमुने उतरवून घेतात. त्यात एका मोराला निळ्याच्या नऊ छटा असतात, देवाच्या चेहऱ्याला त्वचेच्या पाच. त्यातली एखादीच छटा दुकानात निघते आणि तीही शेवटची लडी. चोपडा, शहादा, साक्री, धडगाव इकडच्या बायकांना तर तेवढ्यासाठी जिल्ह्याच्या गावी खेप घालावी लागते. त्यामुळे ऑनलाइन मागवण्याला पर्याय नाही, आणि नीट मागवलं तर ते सोयीचंही पडतं.

फसगत होते ती बहुतेक एकाच ठिकाणी. फोटो बघून रंग निवडला जातो. पार्सल उघडलं की ऐकू येतं, "ताई, हाऊ रंग मोबाइलवर येगळाच दिखस!" तो वेगळा दिसणारच. प्रत्येक मोबाइलचा पडदा निराळा, फोटो काढतानाचा उजेड निराळा. क्रॉस स्टिचमध्ये, म्हणजे चौकोन मोजून फुलीचे टाके घालायच्या भरतकामात, मात्र जवळजवळ प्रत्येक वस्तूला नंबर आहे: कापडाला, दोऱ्याच्या छटेला, सुईला. तो नंबर हातात असेल तर फोटो कसाही असला तरी बिघडत नाही. म्हणून सामानाची यादी कागदावर नंबरांनी तयार झाल्याशिवाय कुठलंही अॅप उघडू नका.

आधी नमुना

उलट्या क्रमाने खरेदी करणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. शंभर रंगांचा संच स्वस्तात दिसला म्हणून घेतला, मग नमुना शोधला. त्या संचातले निम्मे रंग वर्षानुवर्षं डब्यात पडून राहतात आणि हवा तो तपकिरी नेमका त्यात नसतो. नमुना पक्का करा, मग त्याच्या रंगांच्या तक्त्यावरून यादी काढा.

तक्त्यात तीन गोष्टी बघायच्या. नमुना किती टाके रुंद आणि किती टाके उंच आहे, रंगांचे नंबर कुठल्या कंपनीचे आहेत, आणि प्रत्येक रंगाचे टाके किती. संगणकावर तयार केलेल्या पीडीएफ नमुन्यांत ही शेवटची संख्या बहुधा दिलेली असते. नसेल तर मोठे रंग अंदाजाने चौकोन मोजून काढावे लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण दोरा किती घ्यायचा हे त्यावरच ठरतं.

कापड: काउंट, माप, पन्हा

क्रॉस स्टिचचं रूढ कापड म्हणजे आयडा. जर्मनीच्या झ्वायगार्ट कंपनीचं हे कापड जगभर प्रमाण मानलं जातं, आपल्याकडेही आयडा नावाने भारतीय बनावटीचं कापड मिळतं. एका इंचात जितके चौकोन, तितका त्याचा काउंट. ११, १४, १६ आणि १८ हे नेहमीचे काउंट. आकडा जितका मोठा, तितका टाका बारीक. पहिल्यांदा करणारीने १४ घ्यावा. चौकोन डोळ्यांना स्पष्ट दिसतात आणि कामही गावठी वाटत नाही. १८ काउंट बारीक कामाला सुंदर, पण दुपारच्या उजेडातच करावा.

माप काढणं सोपं आहे. टाक्यांची संख्या भागिले काउंट, की इंच आले. १४० टाके रुंद आणि ९८ टाके उंच असा नमुना १४ काउंटवर १० बाय ७ इंच होतो. फ्रेमिंगसाठी प्रत्येक बाजूला ३ इंच मोकळे सोडा, म्हणजे १६ बाय १३ इंचाचा तुकडा लागेल. कापड अर्ध्या मीटरने मिळत असेल तर पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, आवर्जून विचारा. पन्हा ४४ इंच असेल तर अर्ध्या मीटरमधून हे तुकडे आडवे लावले तर दोन निघतात, उभे लावले तर तीन. दोघी-तिघींनी मिळून घेतलं तर पैसे वाचतात ते असे.

मॅटी आणि आयडा एकच समजू नका. दुकानातलं मॅटीचं कापड तोरणाला, टेबलक्लॉथला उत्तम आहे, मी आजही वापरते. पण त्याच्या काउंटची खात्री नसते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्यांची संख्या बरेचदा सारखी नसते. उभ्यात इंचाला १४ आणि आडव्यात १३ चौकोन असतील, तर १४० बाय १४० टाक्यांचा चौकोन एका बाजूने १० इंच आणि दुसऱ्या बाजूने पावणेअकरा इंच होईल. वेलबुट्टीत हे खपून जातं. पण गोल चंद्र अंड्यासारखा दिसेल आणि गणपतीचं तोंड ताणल्यासारखं. चेहरा किंवा गोल आकार असलेल्या नमुन्याला काउंट लिहिलेलं आयडाच घ्या.

ऑनलाइन पानावर 'आयडा क्लॉथ' एवढंच लिहिलं असेल आणि काउंट नसेल, तर ते कापड घेऊ नका. फोटोत पट्टी ठेवलेली असेल तर स्वतः चौकोन मोजून बघा. कापडाला खळ किती आहे तेही विचारायला हरकत नाही. नवं आयडा कडक असतंच आणि धुतल्यावर मऊ होतं, पण नुसत्या खळीवर उभं असलेलं विरळ कापड धुतल्यावर लोळागोळा होतं.

दोरा: कंपनी कोणती

क्रॉस स्टिचचा दोरा म्हणजे सहा पदरी सुती दोरा, इंग्रजी नाव स्ट्रँडेड कॉटन. बहुतेक लड्या ८ मीटरच्या. १४ काउंटवर सहातले दोन पदर घेऊन टाका घालायचा. बारीक बाह्यरेषेला एकच पदर.

आपल्याकडे दोन नावं प्रमुख. अँकर सगळ्यात सहज मिळतो आणि परवडतो. डीएमसी ही फ्रान्सची, १७४६ साली मुलूझ गावात सुरू झालेली कंपनी. तिच्या ५०० छटा आहेत, आणि इंटरनेटवरचे बहुतेक नमुने तिच्याच नंबरांनी लिहिलेले असतात. डीएमसीची लडी अँकरपेक्षा बरीच महाग पडते.

खान्देशातल्या माणसाला कापसाची पारख शिकवावी लागत नाही. तंतू लांब असला की सूत मजबूत आणि गुळगुळीत, आखूड असला की त्याला लव सुटते, हे कापूस विकणाऱ्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं. दोऱ्याचंही तसंच. चांगल्या कंपन्या लांब तंतूचा कापूस घेतात, सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करतात, त्यामुळे चमक येते आणि रंग धरून राहतो. याला मर्सराइज्ड दोरा म्हणतात. हलक्या दोऱ्याचा पदर कापडातून दहा-वीस वेळा गेला की केसाळ होतो, मधूनच विरतो. इतक्या दिवसांची मेहनत अशा दोऱ्यावर घालवू नये असं मला मनापासून वाटतं. घरात टांगायची, पिढीभर टिकावी अशी चौकट असेल तर दोऱ्यात काटकसर करू नका. सराव, बुकमार्क, मुलींना शिकवणं यासाठी स्वस्त दोरा चालेल.

डीएमसीचा नमुना अँकरमध्ये करायचा असेल तर रूपांतराचा तक्ता लागतो. काही जोड्या पक्क्या आहेत: डीएमसीचा काळा ३१० म्हणजे अँकरचा ४०३, उजळ लाल ६६६ म्हणजे ४६. पण सगळ्या इतक्या सरळ नाहीत. डीएमसीच्या ३२१ या लालाला एक तक्ता ४७ सांगतो, दुसरा ९०४६. कारण हे रंग एकमेकांच्या जवळचे असतात, तंतोतंत तेच नसतात. म्हणून एका नमुन्यासाठी एकच तक्ता धरा आणि सगळे रंग एकाच कंपनीचे घ्या. चार रंग डीएमसीचे, बाकी अँकरचे अशी सरमिसळ केली तर छटांच्या पायऱ्या बिघडतात. गालावरची गुलाबी छटा अचानक उडी मारल्यासारखी दिसते. पांढऱ्यातही फरक आहे: डीएमसीचा ब्लांक हा साधा पांढरा, बी५२०० हा झगझगीत पांढरा आणि एक्रू हा कोऱ्या सुतासारखा. नमुन्यात जे लिहिलंय तेच घ्या.

पाचशे-सहाशे रुपयांत शेकडो रंगांचे संच दिसतात. त्यांच्या लडीवर बरेचदा डीएमसीचेच नंबर छापलेले असतात, कारण नमुने त्या नंबरांचे असतात. नंबर डीएमसीचा असला म्हणून दोरा डीएमसीचा होत नाही. लेबलवर कंपनीचं नाव काय आहे ते फोटो मोठा करून वाचा. सराव म्हणून घ्यायचा तर घ्या, पण त्यातला एखादा रंग संपला तर पुन्हा तसाच मिळेल ही आशा ठेवू नका.

लड्या किती

१४ काउंटवर दोन पदरांनी, तुकडे आणि गाठींची नासाडी धरून, एका ८ मीटरच्या लडीत साधारण १५०० ते १८०० पूर्ण टाके बसतात. हिशेब नेहमी १५००नेच करा. एखाद्या हिरव्याचे ४२०० टाके असतील तर भागाकार २.८ येतो, म्हणजे तीन लड्या, आणि एक वरची. ११ काउंटवर तीन पदर लागतात आणि टाकाही मोठा, तिथे लडीमागे ९०० धरा.

वरची एक लडी कशासाठी? रंग एका वेळी मोठ्या कुंडात चढवतात आणि दर खेपेला छटेत केसभर फरक पडू शकतो. सुट्या पानाफुलांत तो कळत नाही. पण आकाश, पार्श्वभूमी, साडीचा मोठा पदर अशा एकसलग भागात जुनी लडी संपून नवी सुरू झाली की तिथे रेघ दिसते. म्हणून मोठ्या क्षेत्राचा रंग एकदमच, एकाच दुकानातून, एकाच बॉक्समधला मागवा. शंभर-दोनशे टाक्यांच्या रंगांना एक लडी पुष्कळ झाली.

सुई, रिंग आणि बाकीचं

सुई टॅपेस्ट्रीची, बोथट टोकाची आणि मोठ्या नेढ्याची. ११ काउंटला २२ नंबर, १४ला २४, १६ आणि १८ला २६. टोकदार सुई नको, ती दोऱ्याचे पदर आणि कापडाचे धागे फाडत जाते. कापड ताणून धरायची रिंग ६ किंवा ७ इंचाची, स्क्रूची लाकडी. काम थांबवलं की कापड रिंगमधून काढून ठेवा, नाहीतर घडीचा डाग बसतो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात हाताच्या घामाने तो मळकटही होतो. कात्री छोटी, टोकदार, फक्त दोऱ्यासाठी वेगळी.

कापडावर दहा-दहाच्या चौकटी आखायला पाण्याने जाणारं पेन मिळतं. ते वापरलं तर इस्त्रीच्या आधी धुवायलाच हवं, कारण उष्णतेने ती निळी रेघ पक्की होऊ शकते. उष्णतेने पुसली जाणारी पेनं नकोत, त्यांच्या रेघा थंडीत परत उमटू शकतात. सगळ्यात निर्धोक म्हणजे साध्या दोऱ्याने धावदोरा घालून चौकटी आखणं.

जरीचा मोह अनेकींना होतो, सुरत जवळ असल्याने नंदुरबार-नवापूरकडे तर जास्तच. सुरतची जरी सुंदर आहे, पण ती आयडाच्या भोकांतून ओढली की वरचं आवरण सुटतं. जरी वरून ठेवून बारीक दोऱ्याने टाचावी. टाकेच चमकते हवे असतील तर हाताच्या भरतकामासाठीचा मेटॅलिक दोरा घ्या आणि तुकडा वीतभरच ठेवा.

शोधताना काय काय समोर येतं

नुसतं 'क्रॉस स्टिच' टाकलं की निम्म्या वस्तू भलत्याच येतात. डायमंड पेंटिंगचे संच हटकून येतात, त्यात दोरा नसतो, खडे चिकटवायचे असतात. 'एम्ब्रॉयडरी थ्रेड' टाकलं की मशीनच्या भरतकामाची रिळं येतात, ती चमकदार पण एकपदरी, आपल्या कामाची नाहीत. 'सिल्क थ्रेड' म्हणजे बहुधा बांगड्या-झुमक्यांना गुंडाळायचा दोरा. शोधताना 'स्ट्रँडेड कॉटन', कंपनीचं नाव, छटेचा नंबर आणि '८ मीटर' असं सगळं टाका. कापडासाठी 'आयडा १४ काउंट'.

तयार संच घ्यायचा असेल तर 'स्टँप्ड' की 'काउंटेड' ते बघा. स्टँप्डमध्ये कापडावर नक्षी छापलेली असते, काउंटेडमध्ये कापड कोरं असतं आणि नमुना मोजून उतरवायचा असतो. परदेशी दुकानातून मागवलं तर सीमाशुल्क लागू शकतं आणि पार्सल महिनाभरही अडकतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी येणाऱ्या लेकीसाठी किंवा श्रावणात कानबाई देवीच्या सजावटीसाठी काही करायचं असेल तर तारखेवर भरवसा ठेवू नका, सामान दोन-तीन महिने आधी घरात हवं.

मोठी अॅप की छोटं दुकान

मोठ्या अॅपवर परताव्याची सोय चांगली असते, पण एकेक छटा मिळत नाही. तिथे बहुधा १०, २५ किंवा ५० लड्यांचे मिश्र संच असतात, आणि वर्णनात 'रंग बदलू शकतात' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. नंबरवार सुट्या लड्यांसाठी भरतकामाच्या सामानाची खास दुकानं शोधावीत. त्यांतली कित्येक व्हॉट्सअॅपवर यादी घेतात.

ऑर्डर देण्याआधी तुमचा पिनकोड टाकून बघा. सातपुड्यातल्या गावांना खाजगी कुरिअर बरेचदा पोचत नाही, किंवा तालुक्याच्या गावी येऊन घेऊन जा म्हणतं. पोस्ट मात्र गावोगाव जातं, म्हणून स्पीड पोस्टाने पाठवतील का हे विचारा. छोट्या दुकानाला पाठवायचा मजकूर असा असावा:

"नमस्कार ताई, अँकर स्ट्रँडेड कॉटन हवा आहे: ४०३ च्या २ लड्या, ४६ च्या ४. सगळ्या शिल्लक आहेत का? एखादा नंबर नसेल तर त्याऐवजी दुसरा पाठवू नका, आधी कळवा. ४६ च्या चारही एकाच बॉक्समधल्या द्या. आयडा १४ काउंट, ऑफ-व्हाइट, अर्धा मीटर; पन्हा किती आहे? पार्सल स्पीड पोस्टाने, आतून प्लास्टिकच्या पिशवीत. पोस्टेज धरून एकूण किती होतील?"

'त्याऐवजी दुसरा पाठवू नका' हे वाक्य विसरू नका. दुकानदार चांगल्या मनानेच जवळची छटा टाकतो, पण आपला नमुना बिघडतो. प्लास्टिकची पिशवी पावसाळ्यासाठी, कारण भिजलेल्या पार्सलात लाल दोरा शेजारच्या पांढऱ्यावर उतरलेला असू शकतो.

दुकान नवं असेल तर पहिली ऑर्डर छोटी द्या. पैसे परत देतो म्हणून कुणी यूपीआयचा पिन टाकायला किंवा क्यूआर कोड स्कॅन करायला सांगत असेल तर ती फसवणूक आहे, पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. तसं झालंच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा. पोस्टेज जड वाटत असेल तर बचत गटातल्या चार-पाच जणींनी एकत्र ऑर्डर द्यावी, मात्र प्रत्येकीची यादी वेगळी लिहून, नाहीतर वाटणी करताना गोंधळ होतो.

पार्सल आल्यावर

उघडतानाचा व्हिडिओ काढा, पत्त्याची चिठ्ठी दिसेल असा, न थांबवता. मग यादी घेऊन नंबर जुळवा. लेबल काढू नका आणि कापड कापू नका, कापलेलं कापड कुणी परत घेत नाही.

कापडावर पट्टी ठेवा, सुईच्या टोकाने एका इंचातले चौकोन मोजा, आधी उभे, मग आडवे. एका इंचात चूक होऊ शकते, म्हणून पाच इंच मोजून पाचाने भागा. १४ काउंटला दोन्हीकडे ७० यायला हवेत.

दोऱ्याचा पदर सहातून वेगळा करताना एकेकच ओढा. सरळ सुटला, गुंता झाला नाही, लव निघाली नाही, तर दोरा चांगला. सुती आहे की नाही याची शंका असेल तर चिमट्यात धरून बोटभर तुकडा वाटीवर जाळून बघा. सुताची कागदासारखी जळून भुरभुरीत राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. लाल, मरून, गडद निळा आणि काळा यांचा छोटा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून अर्धा तास ठेवा. फडक्याला रंग लागला तर तो दोरा पांढऱ्या कापडावर वापरण्याआधी थंड पाण्यात रंग जायचा थांबेपर्यंत धुवा, किंवा बदलून घ्या.

वस्तू चुकीची आली आणि दुकान दाद देत नसेल तर गप्प बसू नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विक्रेत्याने तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यायचा असतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात करायचं असतं. तरीही काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी तिकडे जावं लागत नाही. लडीच्या किमतीसाठी इतकं कोण करणार, असं वाटतं. पण हजार-दीड हजाराच्या संचासाठी हेल्पलाइनला एक फोन करायला काहीच हरकत नाही.

ठेवणं

लडी पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या बॉबिनवर गुंडाळलीत की लेबल निघून जातं, म्हणून गुंडाळायच्या आधीच बॉबिनवर कंपनी आणि नंबर लिहा. नुसता ४६ लिहिलं तर वर्षभराने तो अँकरचा की दुसऱ्या कुणाचा हे आठवत नाही. डबा खिडकीपासून दूर ठेवा. आपल्या उन्हात डब्याच्या पारदर्शक झाकणातूनही रंग उडतो, विशेषतः गुलाबी आणि जांभळा. घरातल्या सगळ्या नंबरांची यादी मोबाइलवर ठेवा आणि लडी संपली की त्यातून खोडा. पुढचा नमुना उतरवाल तेव्हा त्याचा तक्ता आधी या यादीशी ताडून बघा, आणि उरतील तेवढेच नंबर मागवा.